देवमाशाचा माग

दाजी, मागच्या हिवाळ्यात कारवारच्या समुद्रात मी जे बघितलं, ते तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ तुम्ही मला घातली होती. जोयड्याच्या बसस्टँडवर मिरचीभजी खाता खाता घातली होती, म्हणून मीही ती तेव्हा फार मनावर घेतली नाही. एका वर्षाचा तर प्रश्न होता. पुढची सुगी झाली, भात घरात आलं की आपण पुन्हा होडीत बसणार, तुम्ही आपल्या डोळ्यांनी देवमासा बघणार, आणि मग दोघांनी आपापलं बघितलेलं समोरासमोर ठेवून काय भांडायचं ते भांडायचं, असं ठरलं होतं. आता सुगी झाली. भातही घरात आलं. पण ते खळ्यावर असतानाच तुम्ही निघून गेलात. मी मात्र ही गोष्ट तोंडात धरून बसलोय.

खरं सांगतो, मला तुमचा राग आलाय. आक्कासमोर तो दाखवता येत नाही. भेटायला येणारे लोक तुमचा चांगुलपणा सांगतात, कुणाच्या अडीनडीला कसे धावलात ते सांगतात, आणि मी मान हलवत बसतो. ते सगळं खरंच आहे. पण तुम्ही किती हट्टी, किती चौकस आणि वादात किती लबाड होतात, हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नाही. ते मला माहीत आहे, कारण मी तुमचा मेहुणा, आक्काचा धाकटा भाऊ, रामनगरात दोरखंड, बादल्या आणि ताडपत्री विकणारा. चारचौघांत तुम्ही मला ‘पावणं’ म्हणायचात, अहोजाहो करायचात, आणि त्या अहोजाहोत निम्मी थट्टा असायची. मनातलं काही बोलायचं असलं की मात्र ‘तू’ म्हणायचात. शपथ घातलीत तेव्हा ‘तू’ म्हणाला होतात. म्हणून ती मोडवत नाही.

हे सगळं सुरू झालं आक्काच्या डोळ्यांपासून. तिचा मोतीबिंदू काढायला आपण कारवारला गेलो होतो. पट्टी सुटली, डॉक्टर सगळं ठीक आहे म्हणाले, आणि परतीच्या बसला बराच अवकाश होता. कोडीबागेत, काळी नदी समुद्राला मिळते तिथं, फिरायला नेणाऱ्या होड्या लागलेल्या होत्या आणि एका पत्र्यावर उडी मारणारा डॉल्फिन रंगवलेला होता. तुम्ही त्याच्यापुढं जाऊन उभे राहिलात.

“पावणं, ह्ये डुकराचं तोंड आन माशाचं आंग, ह्ये कसलं जनावर म्हणायचं ओ?”

“मला काय माहीत? चला, विचारू,” मी म्हटलं. चौकशी करायला म्हणून गेलो आणि होडीतच बसलो. आक्का काही केल्या चढली नाही. “मला पायाखाली जिमीन लागती बाबा. तुमी जावा. मी हितनं बगते, आता लांबचं दिसतंय मला,” असं म्हणून ती वाळूत पाय पसरून बसली. त्यानंतर दर वर्षी ती आपल्याबरोबर कारवारपर्यंत यायची, आणि दर वर्षी त्याच वाळूत बसायची.

तुमची तेव्हा पन्नाशी उलटून गेली होती आणि समुद्र तुम्ही पहिल्यांदाच बघत होतात. तुमच्या गुंद गावातल्या शेताखालचा ओढा काळीला मिळतो, एवढं तुम्हाला लहानपणापासून ठाऊक. गणेशगुडीला त्याच काळीत शहरातली पोरं रबरी होड्यांत बसून किंचाळतात, तेही बघितलेलं. पण पुढं ती कुठं जाऊन काय करते, हा प्रश्न तुम्ही जन्मभर खिशात घेऊन फिरत होतात. होडी नदीच्या मुखातून बाहेर पडली तसं तुम्ही पाण्यात बोट बुडवलंत, चाखलंत आणि थू केलंत. “आमच्या गोड पान्याची ह्यी दशा कुनी केली?” तुम्ही विचारलंत. होडीवाला पुंडलिक इतका हसला की त्यानं सुकाणू सोडलं. त्या दिवसापासून तो आपला झाला.

मग डॉल्फिन आले. करड्या, ओल्या पाठी वर यायच्या, पुन्हा बुडायच्या. होडीतली मंडळी आनंदानं ओरडत होती, मीही ओरडत होतो. तुम्ही मात्र ते बुडाले त्या जागेकडे बघत होतात, आणि तुमच्या कपाळाला आठी पडली होती.

“माग कुठं हाय ह्यांचा?”

“दाजी, पाण्यात कसला माग?”

“मग कळायचं कसं, किती हुती, कुठनं आली, कुटं गेली?”

मला तेव्हा तुमची ती तक्रार नीट कळली नाही. नंतर कळली. रानात तुमचं सगळं मागावरच चालायचं. बांधावरच्या ओल्या मातीत पाऊल, वाकलेलं गवत, झाडाला घासलेलं अंग, लेंडी गरम की थंड. तेवढ्यावरून तुम्ही सांगायचात की रात्री सांबर आलं होतं, एकटंच होतं आणि मागच्या पायानं लंगडत होतं. जनावर प्रत्यक्ष दिसणं ही तुमच्या लेखी अगदी शेवटची गोष्ट, दिसलं तर दिसलं. आणि समुद्रात सगळंच उलटं. जनावर दिसायचं आणि माग नसायचा. “लई लबाड हाय ह्यो,” परतताना तुम्ही समुद्राकडे बघून म्हणालात. “लगीच पाटी पुसून मोकळा.”

पण समुद्रानं तुम्हाला धरलं ते धरलंच. सुगी आटोपली, भात कोठारात पडलं, की तुमचा फोन यायचा. मी रामनगराहून जोयड्याला यायचो, तुम्ही दोघं गुंदहून यायचात, आणि आपण कारवारच्या बसमध्ये बसायचो. तुमच्या हातात आईनाच्या झाडाची एक डहाळी असायची. रानात शिरताना वाटेच्या तोंडाशी डहाळी ठेवायची तुमची रीत. आत कोण येतंय हे रानाला कळलं पाहिजे, नाहीतर चोरासारखं होतं, असं तुम्ही म्हणायचात. समुद्रात शिरतानाही ती हवीच. सुरुवातीला पुंडलिकला वाटलं की तुम्ही त्याच्या होडीला तोरण बांधायला काहीतरी आणलंय. पुढं पुढं मुखाशी आलं की तो आपणहून इंजिन बारीक करायचा आणि तुम्ही डहाळी पाण्यात सोडेपर्यंत थांबायचा.

देवमाशाचं खूळ तुमच्या डोक्यात घातलं तेही त्यानंच. एखाद्या हिवाळ्यात, बेटांच्या पलीकडं, खोल पाण्यात तो दिसतो, त्याच्या बापानं बघितला होता, असं त्यानं सांगितलं. झालं! तुमची झोप उडाली आणि मग माझी. दुकानात गिऱ्हाईक उभं असायचं, मी ताडपत्री मोजत असायचो, आणि तुमचा फोन वाजायचा.

“पावणं, त्यो मासा न्हाई म्हणं. लेकराला दूध पाजतोय म्हणं.”

“व्हय.”

“पान्यातच?”

“मग काय पाजायला गोठ्यात येणार?”

“तसं न्हवं ओ. त्या खाऱ्या पान्यात दूध नासत न्हाई?”

मी ताडपत्री पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली. नंतर पुंडलिकला विचारलं, तर त्यानं तोच प्रश्न माझ्यावर उलटवला. दुसऱ्या वेळी तुम्ही विचारलंत की श्वासासाठी वर यावं लागतं तर ते झोपतं कधी, झोपेत बुडत नाही का. मी वैतागून म्हटलं, त्याची बायको त्याला दर थोड्या वेळानं उठवते, आक्का तुम्हाला उठवते तशी. तुम्ही त्यावर खरोखरच विचार केलात! संध्याकाळी पुन्हा फोन, “आन बायकू झोपली तर?”

देवमासा काही वर्षं दिसला नाही. त्यानं आपलं काही बिघडलं नाही. एकदा कासव दिसलं, होडीजवळ डोकं काढून श्वास घेऊन गेलं, आणि तुम्ही त्याला बाजारात ओळखीचं माणूस भेटावं तसा हात केलात. एकदा समुद्री साप दिसला. बिळाशिवाय हा राहतो कसा, हेच तुम्ही अणशी घाट चढेपर्यंत मला विचारत राहिलात. मी घरी आलो की बायको विचारायची, काय काय बघितलं? मी सांगायचो, दाजींना बघितलं. थट्टेत म्हणायचो, पण तसंच होतं ते. तुमच्याबरोबर नसतो गेलो तर मी एक पाठ बघितली असती, दुसरी पाठ बघितली असती, आणि भजी खाऊन परतलो असतो. कशालाही प्रश्न विचारता येतो हे मला तुमच्यामुळं कळलं, दाजी. हे तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही, कारण दाखवलं असतं तर तुम्ही डोक्यावर बसला असता.

आता गव्याची गोष्ट. ती तुम्ही घरातल्या प्रत्येक लग्नात, मांडवात माणसं जमली की, माझ्या सासरच्या लोकांना मुद्दाम पुढं बसवून सांगितलीत. आक्काच्या लग्नानंतर मी पहिल्यांदा गुंदला राहायला आलो होतो. संध्याकाळी शेताकडून परतताना वाटेच्या मधोमध गवा उभा. काळाभोर, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. तुम्ही जागच्या जागी थांबलात, हात अंगाला चिकटवलेत, मान खाली घातलीत आणि ओठांतल्या ओठांत म्हणालात, “त्येच्याकडं बगू नगो.” मी काय केलं? चपला तिथंच सोडल्या आणि ठोकली धूम, थेट तुमच्या गोठ्यात. बऱ्याच वेळानं तुम्ही सावकाश चालत आलात, माझ्या चपला हातात घेऊन. “पावणं, तुमचं पायतान इसरलं.”

त्या रात्री जेवताना तुम्ही मला समजावलंत. मोठ्या जनावराला नजर द्यायची नाही. नजर दिली की त्याला वाटतं हा झुंजायला आलाय. आपण त्याच्या वाटेवर आलोय, ते आपल्या वाटेवर आलेलं नाही, तेव्हा मान खाली घालायची आणि त्याला जाऊ द्यायचं. तुमच्या वडिलांनी तुम्हाला ते चालायला लागल्याबरोबर शिकवलं होतं. तुमच्या अंगात ते इतकं भिनलं होतं की तुम्हाला आठवावंही लागत नसे.

आणि मग मागचा हिवाळा.

सकाळची वेळ, वारा पडलेला, समुद्र परातीतल्या पाण्यासारखा सपाट. होडीत आपल्याबरोबर हुबळीची काही मंडळी होती. बेटं मागं पडली, पुंडलिकला लांबवर पक्षी घिरट्या घालताना दिसले, त्यानं होडी तिकडं वळवली आणि जवळ आल्यावर इंजिन बंद केलं. सगळं शांत झालं. तुम्ही उठून होडीच्या मधोमध उभे राहिलात.

आवाज आधी आला. लोहाराचा भाता कुणी एका दमात दाबावा तसा, पण लोहार केवढा असेल याचा अंदाज येईना. मग वास, कुजक्या मासळीचा, आणि पाठोपाठ तोंडावर तुषार. डाव्या बाजूला पाणी फुगलं आणि त्यातून पाठ वर आली. ती वर येतच राहिली, संपेचना. हुबळीची मंडळी फोन धरून त्या बाजूला धावली, होडी कलली, पुंडलिक त्यांच्यावर ओरडायला लागला.

मी मात्र तुमच्याकडं बघितलं. इतक्या वर्षांचं तुमचं वाट बघणं संपलं होतं, तुमचा चेहरा मला बघायचा होता. तुम्ही मधोमध उभे होतात. हात अंगाला चिकटलेले. मान खाली. डोळे पायाखालच्या फळ्यांवर.

“दाजी, बघा की! वर बघा!” मी किंचाळलो.

तुम्ही तसूभरही हलला नाहीत. फक्त ओठ हलले, “गप. बगू नगो.”

तेवढ्यात ते गेलंसुद्धा. पाणी मिटलं. तुम्ही मान वर केलीत तेव्हा समुद्र होता तसा. पण पुंडलिकनं हात लांब करून दाखवलं. जिथं ते बुडालं होतं तिथं पाण्यावर एक गोल, गुळगुळीत जागा उरली होती. भोवती बारीक लाटा हलत होत्या आणि ती जागा मात्र सारवलेल्या अंगणासारखी सपाट. “हें ताचें पावल,” पुंडलिक म्हणाला. ते बुडताना शेपटीनं खालचं पाणी वर ढकलतं, म्हणून असं होतं, असंही त्यानं सांगितलं. तुम्ही होडीच्या काठाशी गुडघे टेकलेत. त्या जागेकडे बघितलंत, मग थोडं बाजूला, मग पुन्हा त्या जागेकडे. ती विरून जाईपर्यंत तुम्ही बघत राहिलात.

मी आधी पोट धरून हसलो. ज्याच्यासाठी एवढी वर्षं अणशी घाट चढलो-उतरलो, ते समोर आलं तेव्हा तुम्ही फळ्या बघत होतात! गव्याची सगळी व्याजासकट फेड झाली. मग तुमच्या डोळ्यांत पाणी दिसलं आणि मी हसायचा थांबलो. तुम्हाला वाईट वाटलंय असं मला वाटलं. तुम्ही डोळे पुसलेत आणि म्हणालात, “माग हाय की ओ, पावणं. पान्यातबी माग हाय.”

परतीच्या बसमध्ये घाटाखालच्या कद्र्यापासून आपण भांडायला लागलो. मी म्हटलं, हरलात ते कबूल करा. तुम्ही म्हणालात, कुणी हरलेलं नाही.

“जनावर काय, समोर आलं की कुनालाबी दिसतंय. हुबळीवाल्यांनाबी दिसलं. माग बगायला मानूस लागतोय.”

“दाजी, डोंगराएवढं जनावर सोडून तुम्ही ओलं पाणी बघितलंत.”

“आन तुमी काय बगितलं? निस्ती पाठ. मी पाऊल बगितलं.”

घाट अर्धा चढलो तरी आपण थांबलो नाही. शेवटी आपल्या दोघांच्या मधे बसलेली आक्का म्हणाली, “दोगंबी गप ऱ्हावा, न्हाईतर मला उलटी हुईल.” मग जोयड्याला उतरून भजी घेतली, आणि तिथं, आक्का पाणी प्यायला गेलेली असताना, तुम्ही माझा दंड धरलात.

“तू काय बगितलंस त्ये मला सांगू नगो. रंग नगो, रूप नगो, कायच नगो. माज्या गळ्याची आन हाय तुला. फुडच्या सुगीला मी सोता मान वर करून बगीन.”

मी हो म्हटलं. पण दाजी, त्यात एक गोष्ट अशी होती की जी होडीत फक्त मला दिसली होती. सगळे डाव्या बाजूला गोळा झाले होते, पुंडलिक त्यांना आवरत होता, उजव्या बाजूला मी एकटाच होतो आणि मधोमध तुम्ही. ती गोष्ट घेऊन मी वर्षभर वावरलो. भर पावसात तुम्ही फोन करून लावणीचं काही सांगायला लागलात की मी मधेच म्हणायचो, “दाजी, थोडंसं सांगू?” आणि तुम्ही म्हणायचात, “ठेव फोन.” ठेवायचा मात्र कुणीच नाही.

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी दुकान उघडंच टाकून निघालो. मळणी करता करता थोडं बसतो म्हणालात आणि पेंढ्यांना टेकून बसलात, ते उठलाच नाहीत, असं आक्कानं सांगितलं. चितेवर ठेवण्याआधी सगळे पाया पडत होते. मी वाकलो, तोंड तुमच्या कानाशी नेलं. वाटलं, आता तरी सांगून टाकावं, माणूस असं अर्ध्यावर कसं पाठवायचं. ओठ उघडले. मग माझा दंड धरणारा तुमचा हात आठवला आणि तसाच मागं झालो. लोकांना वाटलं मी रडतोय, म्हणून दोघांनी मला धरलं. रडतच होतो म्हणा.

नंतर एक दिवस दुकानात नातीच्या फोनवर बघताना सापडलं, की देवमाशाचं दूध लोण्यासारखं दाट असतं, म्हणून पाण्यात लगेच विरघळत नाही. मी सवयीनं तुमचा नंबर लावला. आक्कानं उचलला. मी तिलाच सांगितलं. ती म्हणाली, “आसं व्हय.” मग म्हणाली, “सुगी झाली. कारवारला कवा जायाचं?”

“तू येणार? होडीत?”

“मग डहाळी कोन टाकनार? तुला तर झाडबी वळखता येत न्हाई.”

त्याप्रमाणे परवा आम्ही जाऊन आलो. पुंडलिकनं आम्हा दोघांनाच येताना बघितलं, तुमच्यासाठी आमच्या मागं नजर टाकली, आणि आक्काच्या मोकळ्या कपाळाकडं बघून त्याला कळलं. तो बराच वेळ इंजिनाशी खाटखूट करत बसला. आक्का माझा हात घट्ट धरून चढली आणि बरोबर मधोमध बसली. मुखाशी आल्यावर त्यानं इंजिन बारीक केलं. आक्कानं डहाळी पाण्यात सोडली आणि ती मागं जाईपर्यंत बघत राहिली. सकाळच्या उन्हात ती पानं चमकत होती. मी दुसरीकडं बघितलं.

डॉल्फिन भरपूर दिसले. आक्कानं पदर दातांत धरून ते बघितले आणि मग विचारलं, “ह्येंच्या पाठीला खाज सुटली तर काय करत्यात रं?” दाजी, मी दचकून मागं बघितलं, तुम्हीच बोललात असं वाटलं. पुंडलिकनं होडी बेटांच्या पलीकडं नेली, इंजिन बंद केलं, आम्ही वाट बघितली. देवमासा आला नाही. पाणी होडीला हळूहळू लागत होतं.

“हितंच व्हय, दोन दिसली ती?” आक्कानं विचारलं.

मी तिच्याकडं वळलो. “दोन? कोण म्हणालं दोन?”

“ह्येंनीच सांगितलं की. पान्यावर दोन पावलं हुती म्हणं. एक खळ्याएवडं आन त्येच्या बगलंला सुपाएवडं. मोठ्या पावलाजवळ बारकं पाऊल, म्हंजे आय आन लेकरू. त्या दिशी घरला आल्याबरोबर सांगितलं मला. पावन्याला म्हाईत हाय, त्येच्या पोटात मावंना झालंय, म्हणं.”

मी वर्षभर जीवापाड सांभाळलेली गोष्ट तुम्हाला त्याच क्षणी कळली होती. त्या गुळगुळीत जागेकडून तुमची नजर थोडी बाजूला का गेली होती, ते मला आत्ता समजलं. आणि तरी तुम्ही भजी खाता खाता मला आण घातलीत!

“मग मला सांगू का दिलं नाही?” मी जवळजवळ ओरडलोच.

“तू सांगितलं आसतंस तर सपलं आसतं की रं,” आक्का म्हणाली. “वरीसभर त्येच चाललं हुतं ह्येंचं. जेवताना, ढोरं सोडताना. पावन्यानं आनी काय बगितलं आसंल? सपवायचं न्हवतं त्येंना.”

ठीक आहे, दाजी. तुम्ही जिंकलात. हे मी इथं लिहून देतो, कारण समोर असतात तर मेलो तरी म्हटलं नसतं. माग बघायला माणूस लागतो.

पण एक गोष्ट मागावरून कळत नाही. ती मी तिथंच, होडीत, आक्काला सांगितली. शपथ तुम्हाला सांगायची नाही अशी होती, आक्काला सांगू नको असं तुम्ही म्हणाला नव्हतात. आता ती इथंही सांगतो. ऐकायची नसेल तर मान खाली घाला. तुम्हाला सवय आहे.

आई डावीकडं वर आली तेव्हा लेकरू तिच्याजवळ नव्हतं. ते उजवीकडं होतं, माझ्या बाजूला. पाण्यात फिकट हिरवं काहीतरी हललं आणि बैलगाडीएवढं ते होडीकडं आलं. अगदी सावकाश, कसली घाई नसल्यासारखं. होडीशी आल्यावर ते एका कुशीवर वळलं, त्याचं पांढरट पोट दिसलं, आणि ते होडीच्या खालून आईकडं गेलं. तुम्ही हात अंगाला चिकटवून ज्या फळीकडं बघत होतात ना, बरोबर तिच्या खालून. त्याला तुम्ही वाट दिलीत, आणि ते तुमच्याच नजरेखालून गेलं, दाजी. मधे फक्त एक फळी होती. तुम्हाला वर बघा म्हणून ओरडत होतो तेव्हाच मला हे दिसलं.

आक्कानं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं आपल्या पायांकडं बघितलं.

“हितनं?”

“हितनंच.”

तिनं चपला काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. मग दोन्ही अनवाणी पाय त्या फळीवर नीट टेकवून बसली, आणि होडी वाळूला लागेपर्यंत तिनं ते उचलले नाहीत.